इझ्मिरच्या आसपास काय पाहावं? चार नद्या, एक आठवडा

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा कामानिमित्त इझ्मिरला राहतो. ऑक्टोबरमध्ये तुम्ही दोघं आणि बहात्तर वर्षांच्या सासूबाई आठवडाभर त्याच्याकडे जाणार आहात. सासूबाईंचे गुडघे दुखतात, पण जुनी ठिकाणं पाहायची हौस तिघांत त्यांनाच जास्त. इफेसस पाहायचं ठरलेलंच आहे. त्याखेरीज आसपास काय पाहावं, क्रम कसा लावावा, आणि पामुक्कले एका दिवसात करून येता येईल का?

मी मराठी गटांना घेऊन पश्चिम तुर्कस्तानात जाते, हेच माझं काम आहे. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

पामुक्कलेचं आधी सांगून टाकते. एका दिवसात करू नका. इझ्मिरपासून ते सुमारे २४० किलोमीटर आहे, म्हणजे जाऊन-येऊन सहा-सात तास गाडीतच जाणार. पांढऱ्या पायऱ्यांवरून अनवाणी चालावं लागतं आणि वरचं हिएरापोलिस हे प्राचीन शहर चांगलंच ऐसपैस पसरलेलं आहे. गुडघे दुखणाऱ्या माणसाला एवढं बसवून आणून वर घाईघाईत फिरवणं बरं नाही. तिकडे जायचंच असेल तर एक रात्र मुक्काम करा आणि वाटेत आफ्रोदिसियास जोडा. तिथलं स्टेडियम जवळजवळ अखंड आहे, तीस हजार माणसं बसतील एवढं, आणि गर्दी फारशी नसते. पण तुमच्या आठवड्यात हे बसवायचं म्हणजे दुसरं काहीतरी सोडावं लागेल, आणि जे सोडाल ते यापेक्षा कमी मोलाचं नाही.

आता मुख्य गोष्ट. इझ्मिरच्या आसपासची ठिकाणं यादी करून पाहायला गेलं की डोक्यात खांब आणि दगडांची सरमिसळ होते. दुसऱ्या दिवशी कोणतं थिएटर कुठलं, हे आठवत नाही. माझा आग्रह असतो की नद्यांप्रमाणे दिवस लावा. उत्तरेकडून दक्षिणेकडे चार नद्या आहेत: बाकिरचाय, गेदिझ, छोटी मेंदेरेस आणि मोठी मेंदेरेस. चारही डोंगराळ प्रदेशातून निघून पश्चिमेला एजियन समुद्राकडे जातात. बाकिरचायच्या खोऱ्यात पेर्गामन (आजचं बेर्गामा), गेदिझच्या खोऱ्यात सार्डिस, छोट्या मेंदेरेसच्या मुखाशी इफेसस आणि मोठ्या मेंदेरेसच्या मुखाशी मिलेटस व प्रिएने. ही शहरं ज्या नद्यांवर पोसली, त्याच नद्यांच्या गाळाने त्यातली किनाऱ्यावरची बंदरं बुजवली. आपल्याकडे सोपाऱ्याचं जे झालं, तेच इथे फार मोठ्या प्रमाणावर झालं. म्हणून प्रत्येक ठिकाणी पोचलात की एक प्रश्न विचारत जा: त्या काळी समुद्र कुठे होता? मग समोरच्या दगडांची मांडणी आपोआप कळू लागते.

इझ्मिर स्वतः का टिकलं, याचं उत्तरही याच गाळात आहे. गेदिझचं मुख पूर्वी इझ्मिरच्या आखातात आतपर्यंत सरकत चाललं होतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उस्मानी सरकारने नदीचा प्रवाह वळवून तो आखाताच्या बाहेरच्या बाजूला नेला, आणि बंदर वाचलं. हे काम झालं नसतं तर कोर्दोनच्या किनाऱ्यावर आज संध्याकाळी लोक जिथे गवतावर बसून गप्पा मारतात, त्याच्यासमोर दलदल असती.

पहिला दिवस शहरातच घालवा. विमानप्रवासाने अंग आंबलेलं असतं, लगेच दूर जाऊ नका. कोनाक चौकातला घड्याळाचा मनोरा १९०१ चा, सुलतान दुसरा अब्दुल हमीद गादीवर आल्याला पंचवीस वर्षं झाली म्हणून बांधलेला. त्याच्या मागे केमेराल्तीचा बाजार सुरू होतो. बाजारातला कझलाराआसी हान १७४४ चा आहे. व्यापाऱ्यांनी मुक्काम करावा, माल ठेवावा, जनावरं बांधावीत अशी ही दुमजली वास्तू. आता आत दुकानं आणि कॉफीची टेबलं. सासूबाईंना इथे अंगणात बसवा, वाळूवर उकळलेली कॉफी घ्या आणि तुम्ही शेजारची हिसार मशीद पाहून या.

मग अगोरा. बाजारापासून चालत जाण्याजोगा आहे. स्मिर्ना शहराचा हा रोमन काळातला मुख्य चौक. इसवी सन १७८ च्या सुमारास भूकंपात शहर कोसळलं. एलियस अरिस्टायडीस नावाच्या वक्त्याने सम्राट मार्कस ऑरेलियसला पत्र लिहून शहराची दैना कळवली. ते वाचताना सम्राटाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याने पुनर्बांधणीसाठी मदत दिली, असं प्राचीन लेखकाने नोंदवून ठेवलं आहे. कमानीवर सम्राटाची पत्नी फाउस्टिना हिचा चेहरा कोरलेला अजून दिसतो. पण खरी मजा खाली तळघरात आहे. कमानींच्या रांगांखालून चालत गेलात की वाहत्या पाण्याचा आवाज येतो. रोमन काळातल्या वाटेने पाणी अजून येतंय. तिथल्या गिलाव्यावर त्या काळच्या लोकांनी खरडलेली चित्रं सापडली, त्यात जहाजंही आहेत. या अरिस्टायडीसचं नाव लक्षात ठेवा, तो बेर्गामाला पुन्हा भेटणार आहे.

कादिफेकाले टेकडीवरचा किल्ला मी वेळ उरला तरच सांगते. दृश्य छान आहे, अवशेष मोजके. बायराक्लीतलं जुनं स्मिर्ना होमरच्या काळाशी नातं सांगतं, पण पुरातत्त्वाची विशेष आवड नसेल तर समोर दगडी पाये आणि गवत एवढंच दिसेल. त्यापेक्षा संध्याकाळी आसान्सोर बघा. उंच कड्यावरच्या वस्तीत राहणाऱ्यांना दीडशेहून जास्त पायऱ्या चढाव्या लागू नयेत म्हणून नेसिम लेवी या ज्यू व्यापाऱ्याने १९०७ मध्ये बांधलेली ही लिफ्ट. सासूबाईंना या माणसाबद्दल आपुलकी वाटल्याशिवाय राहणार नाही.

दुसऱ्या दिवशी बॅगा घेऊन सेल्चुकला जा आणि दोन रात्री तिथे राहा. इझ्मिरहून रोज ये-जा करण्यापेक्षा हे कितीतरी सोयीचं. बास्माने स्टेशनवरून देनिझलीकडे जाणाऱ्या रेल्वेने साधारण दीड तासात सेल्चुक येतं. हा रेल्वेमार्ग इंग्रज कंपनीने १८५० आणि १८६० च्या दशकांत बांधला, म्हणजे आपल्या बोरीबंदर-ठाणे गाडीच्या पाठोपाठच. त्याच्याशी इफेससच्या उत्खननाची गोष्ट जोडलेली आहे, ती ऐकूनच तिथे जा.

जॉन टर्टल वुड हा इंग्रज वास्तुरचनाकार या रेल्वेच्या स्टेशनांचे आराखडे करायला आला. प्राचीन जगातल्या सात आश्चर्यांपैकी एक असलेलं आर्टेमिसचं मंदिर इथेच कुठेतरी होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. जागा मात्र कुणालाच माहीत नव्हती. १८६३ पासून तो ब्रिटिश म्युझियमच्या पैशांवर खणत राहिला. काही वर्षांनी मोठ्या थिएटरमध्ये त्याला एक लांबलचक शिलालेख सापडला. सालुटारिस नावाच्या श्रीमंत माणसाने सोन्याचांदीच्या मूर्ती देवीला अर्पण केल्या होत्या, आणि त्या मूर्ती मिरवणुकीने मंदिरातून थिएटरकडे कोणत्या वेशीतून आणायच्या व कोणत्या वेशीतून परत न्यायच्या, हे त्यात लिहून ठेवलं होतं. वुडने ती वेस शोधली, वेशीबाहेरचा फरसबंद रस्ता शोधला आणि त्या रस्त्याचा माग काढत निघाला. १८६९ च्या अखेरीस सुमारे सहा मीटर खोल गाळाखाली त्याला मंदिराची फरशी लागली. पालखीचा मार्ग लिहून ठेवला होता म्हणून देऊळ सापडलं. वारी आणि पालखी ज्यांच्या घरात आहे अशा आपल्या लोकांना ही गोष्ट सांगितली की ते त्या ओसाड जागेकडे वेगळ्याच नजरेने पाहतात.

आणि ती जागा ओसाडच आहे. पाणथळ जमीन, विखुरलेले दगड, आणि सापडलेल्या तुकड्यांतून रचलेला एकच खांब. त्याच्या टोकावर करकोच्याचं घरटं असतं. ऑक्टोबरपर्यंत पक्षी निघून गेलेले असतील, घरटं दिसेल. बहुतेक बसगाड्या इथे पाच मिनिटं थांबतात, काही थांबतही नाहीत. तुम्ही थांबा. खांबाच्या अलीकडे उभे राहून समोर पाहिलंत की एका नजरेत चार काळ दिसतात: देवीचा खांब, त्यामागे १३७५ ची इसा बे मशीद, वर सम्राट जस्टिनियनच्या काळातलं संत योहानाचं चर्च आणि सगळ्यात वर आयासुलुकचा किल्ला. इसा बे मशिदीत अवश्य जा. तिचा वास्तुकार दमास्कसचा होता आणि आतले मोठाले खांब जुन्या इफेससमधून आणलेले आहेत. अंगणात शांतता असते, बसायला जागा असते.

इफेसस शहर पाहताना वरच्या दरवाजाने आत शिरा आणि खालच्या दरवाजाने बाहेर पडा. म्हणजे सगळी वाट उताराची होते. टॅक्सीवाल्याला खालच्या दरवाजाशी यायला सांगून ठेवा. रस्त्याचा संगमरवर शतकानुशतकांच्या पावलांनी गुळगुळीत झालेला आहे, पाऊस पडून गेलेला असेल तर पाय हमखास घसरतो. रबरी तळव्याचे बूट हवेत, आणि सासूबाईंच्या हातात काठी असू द्या, एरवी वापरत नसल्या तरी. दरवाजा उघडताच आत जा. क्रूझच्या जहाजांवरून उतरलेली गर्दी सकाळ सरता सरता जमायला लागते.

सकाळी लवकर जाण्याचं दुसरं कारण म्हणजे सेल्ससचं ग्रंथालय. त्याचं तोंड पूर्वेला आहे, त्यामुळे सकाळचं ऊन थेट दर्शनी भिंतीवर पडतं. टायबेरियस युलियस सेल्सस हा आशिया प्रांताचा रोमन राज्यपाल. त्याच्या मुलाने बापाची समाधी म्हणून हे ग्रंथालय बांधायला घेतलं आणि दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला ते उभं राहिलं. सेल्ससची शवपेटी इमारतीच्या खालीच आहे. वर ग्रंथांच्या सुमारे बारा हजार गुंडाळ्या होत्या, असं मानतात. आता समोर नीट उभं राहून पाहा. इमारत दोन जुन्या इमारतींच्या मधल्या अरुंद जागेत बांधलेली आहे, तरी ती रुंद भासते. ओट्याची मधली बाजू किंचित उचललेली आहे आणि मधले खांब कडेच्या खांबांपेक्षा थोडे मोठे घेतलेले आहेत. डोळा फसतो. आज दिसते ती भिंत १९७० च्या दशकात ऑस्ट्रियाच्या पुरातत्त्वज्ञांनी पडलेल्या तुकड्यांतून पुन्हा उभी केली. कोनाड्यांतल्या चार स्त्रीमूर्ती मात्र प्रतिकृती आहेत, मूळ व्हिएन्नाला गेल्या.

ग्रंथालयासमोरच्या उतारावर छपराखाली झाकलेली घरं आहेत, त्यांचं तिकीट वेगळं. पैसे वाचवायला लोक ती टाळतात आणि परत आल्यावर हळहळतात. श्रीमंत इफेससवासीयांची ही घरं तिसऱ्या शतकातल्या भूकंपात पडली आणि मातीखाली टिकली. भिंतींवर रंगवलेली चित्रं, जमिनीवर मोझेक, भिंतींत गरम हवेचे मातीचे नळ, आणि गिलाव्यावर कुणीतरी खरडलेले खर्चाचे हिशेब. एका दालनात संगमरवराचे हजारो फुटके तुकडे टेबलांवर मांडून जुळवण्याचं काम चालतं. अडचण एकच: आतला मार्ग पायऱ्यांचा आहे आणि मध्येच परत फिरता येत नाही. सासूबाईंना ग्रंथालयाजवळ सावलीत बसवून तुम्ही दोघांनी आळीपाळीने जावं, हे बरं.

पुढे पंचवीस हजार माणसांचं थिएटर. त्याच्या पायथ्यापासून सरळ पश्चिमेला जाणारा चौपदरी रुंदीचा रस्ता दिसतो. तो बंदराचा रस्ता. अर्धा किलोमीटर लांब, दोन्ही बाजूंना छत असलेले पदपथ, आणि शेवटच्या काळात रात्री दिवे लागत. तसा शिलालेख सापडला आहे. जहाजातून उतरलेला प्रवासी या रस्त्याने शहरात येई. आज रस्त्याच्या टोकाला वेत आणि झुडपं आहेत. समुद्र पाच-सहा किलोमीटर दूर गेला. बंदर पुन्हा पुन्हा उपसण्याचे प्रयत्न झाले, सम्राटांनी पैसे दिले, पण छोटी मेंदेरेस गाळ आणतच राहिली. थिएटरच्या पायरीवर बसून त्या रस्त्याच्या टोकाकडे दहा मिनिटं पाहत राहा. इफेससचं काय झालं, ते तिथे जितकं कळतं तितकं एरवी कळत नाही.

दुपारी सेल्चुकचं संग्रहालय. त्यात आर्टेमिसच्या मूर्ती आहेत, १९५६ मध्ये नगरसभागृहाच्या अवशेषांत सापडलेल्या. नीट पुरून ठेवल्यासारख्या होत्या. नव्या धर्माच्या काळात कुणीतरी श्रद्धेने त्या लपवल्या असाव्यात, असं अभ्यासकांना वाटतं. छातीवरचे गोलाकार नक्की कशाचे, यावर अजून वाद चालू आहे. मूर्तीच्या झग्यावरचे सिंह, हरणं, मधमाश्या जवळ जाऊन पाहा. येशूची आई मरियम हिचं म्हणून मानलं जाणारं घर श्रद्धेने जाणाऱ्यांसाठी आहे, वास्तू म्हणून लहानशी आहे. शिरिंजे गाव देखणं आहे, पण शनिवार-रविवारी जाऊ नका.

तिसरा दिवस मोठ्या मेंदेरेसचा. सेल्चुकहून गाडी आणि चालक ठरवा, कारण सार्वजनिक बसने तीन ठिकाणं एका दिवसात होत नाहीत. सोके ओलांडलं की सपाट मैदान लागतं आणि ऑक्टोबरात दोन्ही बाजूंना कापसाची वेचणी चाललेली असते. हे सगळं मैदान एके काळी समुद्र होता. प्रिएने त्याच्या उत्तर काठावर आणि मिलेटस दक्षिण काठावर, मध्ये आखात. मिलेटसच्या थिएटरच्या वरच्या अंगाला उभं राहून पश्चिमेकडे पाहिलं की शेतात एक बुटकी टेकडी दिसते. ते लादे बेट. इसवी सनपूर्व ४९४ मध्ये या बेटाजवळच्या समुद्रात इराणी आरमाराने आयोनियन ग्रीकांचं आरमार मोडलं आणि मिलेटसची राखरांगोळी केली. तिथे आता ट्रॅक्टर फिरतात. आखाताचा उरलेला तुकडा म्हणजे बाफा सरोवर.

मिलेटस हे ग्रीक तत्त्वज्ञ थेल्सचं गाव. थिएटर भव्य आहे, फाउस्टिनाची स्नानगृहं चांगल्या अवस्थेत आहेत, आणि १४०४ ची इल्यास बे मशीद फार सुंदर. तिच्या दारावरचं कोरीव काम पाहिल्याशिवाय परतू नका. बाजाराचं मोठं द्वार मात्र बर्लिनला आहे. बहुतेक चालणं सपाटीवरचं, सासूबाईंना जमेल. प्रिएने जमणार नाही. गाडीतळापासून चांगलाच चढ आहे. ते कड्याखालचं, पाइन वृक्षांतलं, चौकोनी रस्त्यांचं छोटं शहर मला व्यक्तिशः या सगळ्यांत जास्त आवडतं, अथेनाच्या मंदिराला अलेक्झांडरने पैसे दिले होते, पण मोह आवरा. तुम्ही दोघांपैकी एकाने जाऊन यावं, दुसऱ्याने खाली गावात सासूबाईंबरोबर चहा घ्यावा.

दिदिमाला शेवटी जा, ऊन कलल्यावर. अपोलोच्या या मंदिरात भविष्य विचारायला दूरदूरचे लोक येत. शेकडो वर्षं बांधूनही ते पुरं झालं नाही. उभ्या असलेल्या तीन खांबांपैकी एकावर उभ्या पन्हाळी कोरलेल्याच नाहीत, तो अपुरा राहिला. बाकीचे दोन पुरे झालेले आहेत, म्हणजे काम कुठवर आलं होतं ते डोळ्यांनी दिसतं. आणखी एक गोष्ट. अंधाऱ्या उतरत्या बोगद्यातून आतल्या उघड्या अंगणात गेलात की भिंतींच्या खालच्या भागाकडे पाहा. १९७९ मध्ये लोथार हासेलबर्गर या अभ्यासकाला तिथे बारीक रेषा दिसल्या. वास्तुकारांनी खांबांचे, पायांचे आराखडे थेट भिंतीवर कोरून ठेवले होते. काम झाल्यावर भिंत घासून गुळगुळीत करायची असे, तेव्हा ते पुसले गेले असते. मंदिर अपुरं राहिलं म्हणून आराखडे वाचले. तिरक्या उन्हात ते थोडे दिसू शकतात, पण वाटाड्याने बोट दाखवल्याशिवाय सापडत नाहीत. मंदिर रस्त्याच्या पातळीपेक्षा खाली आहे, त्यामुळे सासूबाईंना पायऱ्या उतरायच्या नसतील तरी वरूनही सगळं दिसतं.

चौथा दिवस परतीचा आणि आरामाचा ठेवा. हे मी प्रत्येक गटाला सांगते आणि प्रत्येक गटात कुणीतरी नाराज होतं. विश्रांती न घेतलेल्या माणसाला पाचव्या दिवशी कोणताच खांब नवा वाटत नाही.

पाचव्या दिवशी बेर्गामा, उत्तरेला सुमारे १०० किलोमीटर. पेर्गामनचे राजे डोंगराच्या माथ्यावर राहत, आणि वर जायला रोपवे आहे. माथ्यावर ट्राजान सम्राटाचं पांढरंशुभ्र मंदिर, ग्रंथालयाची जागा, आणि खाली दरीकडे उतरणारं, उरात धडकी भरवणारं थिएटर. दहा हजार प्रेक्षकांचं हे थिएटर इतकं उभट आहे की पायऱ्यांवर उतरताना आधार शोधावा लागतो. सासूबाईंनी वरूनच पाहावं. तुम्ही उतरलात तर रंगमंचाच्या जागी फरशीत चौकोनी भोकांच्या रांगा दिसतील. रंगमंच लाकडी होता. नाटक असेल तेव्हा त्या भोकांत खांब रोवून उभा करायचा आणि नंतर काढून ठेवायचा, कारण त्याच गच्चीवरून डायोनिससच्या मंदिराकडे जायची वाट होती. झ्यूसच्या प्रसिद्ध वेदीच्या जागी आता फक्त पाया आणि पाइनची झाडं आहेत. कार्ल हुमान या जर्मन अभियंत्याने १८७८ पासून खणून शिल्पं बर्लिनला नेली.

डोंगरावर पाणी कसं येई, हे तुमच्या मुलाला विचारा. तो अभियंता असेल तर त्याला आवडेल. चाळीस किलोमीटरहून दूरच्या डोंगरातून नळाने पाणी आणून, शेवटी खोल दरीत उतरवून, दाबाच्या जोरावर पुन्हा माथ्यावर चढवलं होतं. इसवी सनाच्या आधी, पंपाशिवाय.

खाली गावात लाल विटांची प्रचंड इमारत आहे, तिला कझल आवलू म्हणतात. इजिप्तच्या देवतांचं हे रोमन काळातलं मंदिर. त्याच्या आवारासाठी जागा पुरेना म्हणून रोमनांनी नदीवर दोन बोगद्यांची छत घातली आणि वर अंगण केलं. नदी अजून त्याच बोगद्यांतून वाहते, वर घरं आहेत. मंदिराच्या एका गोल बुरुजात मशीद आहे, तिथे नमाज होते.

तिसरं ठिकाण आस्क्लेपिऑन, प्राचीन रुग्णालय आणि देवस्थान एकत्र. जाताना वाटेत लष्करी आवार आहे, तिथे फोटो काढू नका. रोगी इथे देवळात झोपत, स्वप्न पडे, त्यावरून उपचार ठरत. पवित्र झऱ्याचं पाणी, चिखलाचे लेप, व्यायाम, नाटक पाहणं, सगळं उपचारात मोडे. युनानी हकीम ज्याला जालिनूस म्हणतात तो गॅलेन याच गावचा, जन्म इसवी सन १२९, आणि ग्लॅडिएटरांवर उपचार करत त्याची वैद्यकी घडली. इझ्मिरच्या अगोऱ्यात भेटलेला अरिस्टायडीसही इथे बरीच वर्षं रोगी होता. आपली दुखणी आणि देवाने स्वप्नात सांगितलेले विचित्र उपचार त्याने बारकाईने लिहून ठेवले. ऐन थंडीत नदीत उडी मारण्यापर्यंत. जागा सपाट आहे, सासूबाईंना हे सगळ्यात सोपं जाईल.

सहाव्या दिवशी सार्डिस, आणि याबद्दल मला थोडं कळकळीने सांगायचंय. भारतातून येणाऱ्या सहलींत हे नाव जवळजवळ नसतंच. इझ्मिरहून पूर्वेला साधारण ९० किलोमीटर, सालिह्लीच्या अलीकडे, महामार्गालगत. लिडियाची ही राजधानी. जगातली अगदी सुरुवातीची नाणी लिडियन लोकांनी पाडली, सोनंचांदीच्या नैसर्गिक मिश्रधातूची. पाक्टोलस ओढ्याच्या काठी १९६८ मध्ये उत्खननात सोनं शुद्ध करण्याच्या भट्ट्या सापडल्या. मिश्रधातूचे पातळ पत्रे मिठाबरोबर तापवून त्यातली चांदी वेगळी काढत. नाण्यातल्या सोन्याचं प्रमाण खात्रीने सांगता येऊ लागलं ते त्यामुळे. राजा क्रीससने इफेससच्या आर्टेमिस मंदिराला खांब दिले, त्याचं नाव कोरलेले तुकडे ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. इराणच्या सायरसने त्याचं राज्य घेतलं, आणि मग सुसाहून येणारा राजमार्ग इथे येऊन संपू लागला.

रस्त्यालगत पुन्हा उभारलेली व्यायामशाळेची दुमजली दर्शनी बाजू आहे, तिला चिकटून प्राचीन सिनेगॉग, आणि बाहेर दुकानांची रांग. ज्यू सभागृह, रोमन स्नानगृह आणि बाजार एकाच भिंतीला टेकून शतकानुशतकं नांदले, हे इथे पायाखालच्या मोझेकवर उभं राहून दिसतं. आर्टेमिसचं मंदिर थोडं आत, डोंगराच्या कुशीत आहे. पूर्ण उंचीचे दोन खांब उभे आहेत आणि कोपऱ्यात एक छोटं बायझंटाइन चर्च. गेदिझपलीकडे बिन तेपे, म्हणजे लिडियन राजे-सरदारांच्या मातीच्या समाध्या. क्रीससचा बाप अल्याटेस याची समाधी साडेतीनशे मीटरच्या आसपास व्यासाची आणि साठ मीटरहून उंच आहे. सार्डिस आणि बिन तेपे २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत आले, तेव्हा पुढे गर्दी वाढेल. आत्ता जा.

व्यवहाराचं थोडं. परदेशी पर्यटकांची तिकिटं युरोत ठरतात आणि महाग आहेत. एजियन भागाचा म्युझियम पास मिळतो. तुम्ही एवढी ठिकाणं पाहणार असाल तर हिशेब करून बहुधा तोच परवडेल. कोणती ठिकाणं त्यात येतात, ते खरेदीच्या वेळी विचारून घ्या. वाटाड्या घ्यायचा तर सरकारी परवान्याचाच घ्या, तुर्कस्तानात तो नियम आहे. रोजच्या गटसहलीत जागा घेतलीत तर चामड्याच्या आणि गालिच्यांच्या दुकानात किती वेळ जाणार, हे आधी स्पष्ट विचारा. इफेससला दीड तास आणि दुकानात दीड तास, असं मी पुष्कळदा पाहिलं आहे.

शाकाहारी असाल तर हा भाग तुर्कस्तानात सगळ्यात सोयीचा. ऑलिव्ह तेलात शिजवलेल्या थंड भाज्या, रानभाज्या, चीज किंवा पालक भरलेली गोझलेमे नावाची पोळी, इझ्मिरचं बोयोझ हे पदर सुटलेलं भाजलेलं खाणं सकाळच्या चहाबरोबर. मसुराच्या सुपात मात्र कधी कधी मांसाचा रस्सा असतो, विचारून घ्या. गुडघ्याचं मलम आणि पट्टा इथूनच न्या. ऑक्टोबरच्या शेवटाकडे जाणार असाल तर छत्रीही घ्या, आणि प्राचीन स्थळं हिवाळ्यात लवकर बंद होतात, त्यामुळे दिदिमाची वेळ त्याप्रमाणे आधी घ्या.

काही कारणाने एक दिवस कमी झाला तर सार्डिस सोडू नका. मोठ्या मेंदेरेसचा दिवस गाळा. तो सगळ्यात दमवणारा आहे आणि मुलगा तिथे वर्षभर आहे, पुढच्या वेळी होईल.